सात सेकंद

गुमगावच्या पडीक रानात, एमआयडीसीच्या पाठीमागं,
चुन्यानं आखलेली पावणेदोन किलोमीटरची वळणं.
माझं काम एवढंच: झेंडा पडला की अंगठा दाबायचा,
गाडी परतली की पुन्हा दाबायचा,
आणि मधल्या धुळीचा आकडा वहीत लिहायचा.

मे महिना. सकाळी सातलाच पत्रा हाताला लागत नव्हता.
सलामत मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला,
"लिहून घ्या मॅडम, गाडी जिंकते.
ड्रायव्हर नुसता बसून राह्यते."
त्यानं ही एस्टीम तीन भंगारांतून उभी केलेली.
इंजिन कळमन्याचं, गिअरबॉक्स कुठला ते तो सांगत नाही,
आणि डावं दार वरातीतल्या कुठल्याशा गाडीचं:
रंगाखालून अजून "शुभ" दिसतं, "विवाह" खरवडून गेलाय.

"अन् मी काय तुरीचं पोतं व्हय काय बे?"
हेल्मेटच्या आतून हर्षल गिल्लूरकर.

समोर धरमपेठेतला अद्वैत खरवडे,
त्याची नवी गाडी, टायर जहाजानं आलेले.
मुलगा नम्र. तेच सगळ्यांना जड जातं.

अद्वैत: एक अडतीस पूर्णांक दोन.
हर्षल: एक एकोणचाळीस.
आठ दशांश सेकंद. एवढ्यात माणूस "होय" म्हणेपर्यंत
"हो"वरच असतो.
पण टँकरच्या सावलीत त्या आठ दशांशावर
दोन तास भांडण झालं, तीन किटल्या चहा झाला,
आणि शेवटी अद्वैतच म्हणाला, "किल्ल्या बदलू या ना."

नव्या गाडीत हर्षल: एक छत्तीस पूर्णांक नऊ.
"पाह्यलं?" सलामत ओरडला, "गाडी!"
एस्टीममध्ये अद्वैत: एक सत्तेचाळीस पूर्णांक तीन,
शिवाय दोन ड्रम आडवे.
"पाह्यलं?" हर्षल ओरडला, "ड्रायव्हर!"

मी कॉलेजात संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते,
मुलांना तक्ते पाडायला शिकवते.
वहीच्या शेवटच्या पानावर चार घरं आखली.
नव्या गाडीत दोघांतलं अंतर: एक पूर्णांक तीन.
जुन्या गाडीत: आठ पूर्णांक तीन.
वजा केलं. उरले सात.
पुन्हा केलं, आडवं नाही, उभं. सातच.
गाडीच्या नावावर लावता येत नाहीत,
माणसाच्याही नाही.

मग मी वाकून एस्टीमच्या आत पाहिलं.
गिअरच्या दांड्याजवळ सीटचं कापड झिजून पांढरं:
तिसरा गिअर निसटतो, तो हर्षल गुडघ्यानं दाबून धरतो.
कोणी शिकवलं, विचारलं.
"कोन शिकवते? लागून गेलं."

आमचे बाबा उमरेडकडं शंकरपटात धुरकरी होते.
पटाच्या आधीचे आठ दिवस घरी जेवायचे नाहीत,
गोठ्यात, बैलांच्या शेजारी, त्यांच्या उष्ट्या कडब्यावर झोपायचे.
आईला त्या वासाचा राग.
बैल भारी की धुरकरी, कोणी विचारलं
तर ते तंबाखू मळत राहायचे,
इतका वेळ, की विचारणारा उठून जायचा.
तेव्हा मला वाटे, त्यांना उत्तर येत नाही.

ढाल अद्वैतला मिळाली. नियमाप्रमाणं, आठ दशांशानं.
शेवटच्या पानाचं कोणाला सांगितलं नाही;
सलामतला पटलं नसतं, हर्षलला समजलं नसतं,
किंवा उलट.

हिंगणा नाक्याकडं निघाले, माझ्या सतरा वर्षांच्या स्कूटरवर.
भाचा म्हणतो, मावशी, ही सुरूच होत नाही, विकून टाक.
चोक अर्धा. हँडल किंचित डावीकडं.
दोन किका वाया जाऊ द्यायच्या,
तिसरीच्या आधी जरा थांबायचं,
किती, ते मी कधी मोजलेलं नाही.